गड नसलेल्या गावातले ट्रेक: एस्पोच्या पायवाटा, नव्याने आलेल्यांसाठी

फिनलंडमधल्या एस्पोत राहायला आल्यावर पहिल्या शनिवारी मी नकाशा उघडून डोंगर शोधत बसले होते. सापडला नाही. या शहराच्या हद्दीतली सर्वात उंच जागा समुद्रसपाटीपासून 110 मीटरच्या आसपास आहे. पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या पायथ्याशी बुटाची नाडी बांधत असतानाच आपण त्याच्या पाचपट उंचीवर असतो! माथा नाही, तटबंदी नाही, वर पोचल्यावर पिठलं-भाकरी देणारं घर नाही. मग रविवारी सकाळी पाठीला पिशवी लावून ही माणसं जातात तरी कुठे, हे कळायला मला अख्खा एक हिवाळा लागला. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

हेलसिंकीच्या पश्चिमेला अगदी खेटून एस्पो आहे. वस्ती तीन लाखांवर, फिनलंडमधलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. पण याला गावाचा चौक म्हणावा असा एक मध्य नाही. लेप्पावारा, तापिओला, मातिनक्युला, एस्पोनलाहती आणि एस्पोन केस्कुस अशी पाच केंद्रं, आणि त्यांच्या मधे जंगल, खाडी, खडक. आयटीच्या नोकऱ्या आणि ओतानिएमीचं आल्टो विद्यापीठ यांमुळे भारतीय इथे बरेच आहेत. मेट्रोत मागच्या बाकावरून मराठी ऐकू आलं तर दचकू नका, आणि फोनवर कुणाच्या उखाळ्यापाखाळ्या काढत असाल तर आवाज जरा खाली ठेवा.

आधी नावं वाचायला शिका

बूट नंतर घ्या. पहिला अर्धा तास नकाशावरच्या नावांना द्या, कारण इथलं नावच जागेचं वर्णन करतं. शेवट 'लाहती' असेल तर खाडी किंवा उपसागर, 'सारी' म्हणजे बेट, 'निएमी' म्हणजे पाण्यात घुसलेलं टोक, 'यार्वी' म्हणजे तळं, 'रांता' म्हणजे किनारा, 'कालिओ' म्हणजे कातळ, 'मेत्सा' म्हणजे जंगल, 'सुओ' म्हणजे दलदल, 'पोल्कू' म्हणजे पायवाट. आपल्याकडे खिंड, माळ, पठार, वाडी ऐकलं की डोळ्यासमोर जागा उभी राहते, तसंच. हाउकिलाहती म्हणजे हाउकी माशाची खाडी, कार्हुसारी म्हणजे अस्वलाचं बेट (अस्वल आता नाही, काळजी नको), किवेनलाहती म्हणजे दगडाची खाडी. नावात 'सुओ' दिसलं की बूट भिजणार हे घरातूनच धरून चालायचं.

रोमन लिपीतलं 'जे' अक्षर इथे 'य' वाचतात. हे माहीत नसल्यामुळे मी पहिले दोन महिने लायालाहतीला 'लाजालाहती' म्हणत होते आणि कुणी दुरुस्त केलं नाही. हा इथला सभ्यपणा आहे, त्याच्या भरवशावर राहू नका. शिवाय प्रत्येक पाटीवर दोन नावं असतात, एक फिनिश आणि एक स्वीडिश. तापिओला आणि हागालुंड ही एकच जागा. दोन वेगळे थांबे समजून पुढे जाऊ नका.

दुसरं काम: तिकीट आणि नकाशा

एचएसएल म्हणजे इथली सार्वजनिक वाहतूक संस्था, तिचं अॅप फोनवर घ्या. बस, मेट्रो, लोकल, ट्राम सगळं त्यातच. भाग ए, बी, सी, डी असे आहेत. मेट्रोने मातिनक्युलापर्यंत बी भाग, फिन्नोपासून पुढे सी लागतो. स्टेशनवर फाटक नसतं, त्यामुळे 'कुणी अडवलं नाही' याचा अर्थ 'तिकीट बरोबर आहे' असा काढू नये. तपासनीस गाडीत चढतात आणि दंडाच्या वेळी नवखेपणाची सबब चालत नाही.

मेट्रो एस्पोत 2017 साली मातिनक्युलापर्यंत आली आणि डिसेंबर 2022 मध्ये किवेनलाहतीपर्यंत पोचली. ऑक्टोबर 2023 पासून 15 नंबरची ट्राम काइलानिएमीहून ओतानिएमी, लेप्पावारा करत पूर्व हेलसिंकीला जाते. चालणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की एका थांब्यावर उतरायचं, जंगलातून चालत दुसऱ्या थांब्याला निघायचं आणि तिथून घरी. गाडी लावली तिथे परत येण्याची सक्ती नाही. मला विचाराल तर एस्पोत गाडी नसणं हाच चालण्यासाठी फायदा आहे.

पायवाटांसाठी फोनवरचा नेहमीचा नकाशा अपुरा पडतो. भूमापन खात्याचा 'कार्त्तापाइक्का' हा नकाशा फुकट आहे, त्यात ठिपक्यांच्या बारीक वाटासुद्धा दिसतात.

पहिली वाट: ओतानिएमी ते लेप्पावारा

सुरुवात इथूनच करा. साधारण सहा-सात किलोमीटर, चढ नावापुरता, आणि बघण्यासारखं इतकं की तीन तास सहज जातात.

आल्टो-युलिओपिस्तो मेट्रो स्टेशनवर उतरा. वर आलात की लाल विटांचं विद्यापीठ. या परिसराचा आराखडा अल्वार आल्टो या वास्तुशिल्पीचा. तिथून पाच-दहा मिनिटांवर पाइनच्या झाडांत एक लहानसं चॅपेल आहे, हेक्की आणि काइया सिरेन या जोडप्याने बांधलेलं, 1957 चं. 1976 मध्ये ते जळलं, दोन वर्षांत पुन्हा उभं केलं. आत गेलात तर वेदीमागे भिंतच नाही, नुसती काच, आणि क्रूस काचेच्या पलीकडे, बाहेर जंगलात उभा. मी फेब्रुवारीत गेले होते तेव्हा क्रुसाच्या आडव्या दांड्यावर चार बोटं बर्फ होता आणि त्याच्या मागून एक ससा निवांत चालला होता. लग्न चालू असेल तर बाहेरूनच बघा.

तिथून उत्तरेला उतरत पाण्याकडे या. ही लायालाहती, उथळ, बोरूने भरलेली खाडी. काठाचा पट्टा राखीव निसर्गक्षेत्र आहे. कडेला मारीचा पक्षीमनोरा आहे, लाकडी, दोन जिने वर. एप्रिल-मेमध्ये पहाटे इथे दुर्बिणवाल्यांची गर्दी असते. गर्दी म्हणजे सातआठ माणसं. कुणी बोलत नाही. तुम्हीही बोलू नका, पण एखाद्याच्या दुर्बिणीकडे आशेने बघत उभं राहिलात तर बहुधा तो बाजूला सरकून तुम्हाला बघू देतो.

पुढची वाट बरीचशी 'पित्कोस्पूत'वरून जाते. दलदलीवर दोन फळ्या शेजारी शेजारी टाकून केलेला हा लांबच लांब पूल. एकामागे एक चालायचं. समोरून कुणी आलं तर रुंद जागा बघून थांबायचं, चिखलात उतरून 'या, या' करायचं नाही. ओल्या फळीवर पाय कातळावरच्या शेवाळासारखा घसरतो. पावलं छोटी ठेवा आणि फोटो काढायचा असेल तर आधी थांबा. राखीव क्षेत्रात वाट सोडायला बंदी आहे, आणि ती फक्त पाटीपुरती नाही, कारण बोरूत पक्षी जमिनीवर अंडी घालतात.

उन्हाळ्यात कुंपणाआड लांब केसांची, शिंगाळ गुरं चरताना दिसतील. कुणाची चुकलेली नाहीत, मुद्दाम सोडलेली आहेत. ती चरली नाहीत तर बोरू माजतो आणि काठची मोकळी कुरणं, म्हणजे पक्ष्यांची बसायची जागाच, नाहीशी होते. त्यांना पोळी भरवायला जाऊ नका. आमच्याकडच्या एका पाहुण्या मावशींना मी अगदी वेळेवर अडवलं होतं.

पुढे विला एल्फविक लागतो. 1904 सालचा हा सुंदर बंगला आता नगरपालिकेचं निसर्गघर आहे. आत मुलांसाठी प्रदर्शन, स्वच्छ स्वच्छतागृह (हे लक्षात ठेवा, वाटेवर दुसरं मिळेलच असं नाही). ताकद असेल तर आणखी थोडं पुढे तार्वास्पा आहे. चित्रकार अक्सेली गालेन-कालेला यांनी 1911 ते 1913 या काळात इथे स्वतःसाठी गढीसारखा स्टुडिओ बांधला, 1961 पासून तिथे संग्रहालय आहे. गड हवा होता ना? एवढाच मिळेल. तिथून लेप्पावारा स्टेशन गाठा. ट्राम किंवा लोकल, जे आधी येईल ते पकडा.

दुसरी वाट: रांतारायत्ती, हवी तेवढी

समुद्राच्या कडेने सुमारे 40 किलोमीटर जाणारा हा रस्ता म्हणजे एस्पोचा मानबिंदू. एका दिवसात संपवायच्या भानगडीत पडू नका. तुकडे पाडा. पहिला तुकडा तापिओला ते मातिनक्युला, दोन्ही टोकांना मेट्रो.

तापिओलात मात्र समुद्राकडे निघण्याआधी अर्धा तास घरांमधून भटका. 1950 च्या दशकात हे उद्याननगर उभं राहिलं, त्यामागे हेक्की फोन हेर्त्सेन हा माणूस आणि त्याची गृहनिर्माण संस्था होती. नाव लोकांकडून स्पर्धेतून मागवलं होतं. तापिओ हा फिनिश पुराणकथांतला वनदेव, तापिओला म्हणजे त्याचं राज्य. झाडं तोडून इमारती आणि मग इमारतींभोवती झाडं, हा आपल्या ओळखीचा क्रम इथे पाळला नाही. झाडं होती तिथे ठेवली, घरं त्यांच्यामधे बसवली. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीला पाइनचं खोड घासून जाताना दिसतं.

किनाऱ्याला लागल्यावर वेस्टएंड, मग हाउकिलाहती. मागे अळंबीसारखा पाण्याचा मनोरा दिसत राहतो, चुकलात तर तोच खूण. उन्हाळ्यात पोहायच्या जागा, धक्के, कॉफीच्या टपऱ्या. वाट सोपी आहे, पण दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, सायकली. ज्या रस्त्यावर पाटीमध्ये माणूस आणि सायकल यांच्यामधे उभी रेघ असते, तिथे आपली बाजू सोडायची नाही. पाचजण हात धरून आडवे चालण्याची आपली कौटुंबिक पद्धत इथे अपघाताला आमंत्रण आहे. दोन, बदकं वाटावीत असे काळ्या-पांढऱ्या रंगाचे हंस, पांढऱ्या गालांचे. कळपाने हिरवळीवर चरतात आणि हिरवळभर घाण करून ठेवतात, म्हणून चटई आणल्याशिवाय गवतावर बसू नका. मे-जूनमध्ये पिल्लं असताना नर मान लांब करून फिस्कारत अंगावर येतो. लहान मूल बरोबर असेल तर लांबून वळसा घाला.

फिन्नोजवळ सुओमेनोयाचं तळंही बघून या. सांडपाण्यासाठी बांध घालून खाडीचा तुकडा 1960 च्या दशकात वेगळा केला, आणि पुढे तिथे कुरव पक्ष्यांची एवढी मोठी वसाहत झाली की मे महिन्यात शंभर मीटरवरून कलकलाट ऐकू येतो. फिनिशमध्ये या पक्ष्याचं नाव 'हसरा कुरव' असं आहे, ऐकल्यावर पटतं.

मे ते सप्टेंबर या काळात किनाऱ्यावरच्या काही धक्क्यांवरून बेटांवर बोटी जातात. पेन्ताला बेटावर संग्रहालय आहे. परतीची शेवटची बोट किती वाजता, हे चढण्याआधी बघा, उतरल्यावर नाही.

जंगलात काय चालतं, काय नाही

इथे एक हक्क आहे, 'योकाइसेनओइकेउस', म्हणजे प्रत्येकाचा हक्क. जमीन कुणाची का असेना, तिथून पायी जाता येतं, बेरी आणि अळंबी वेचता येतात, परवानगी विचारावी लागत नाही. नागरिक असायची अट नाही. मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कुठेतरी मेख असणार असंच वाटलं होतं.

मेख नाही, पण मर्यादा आहेत. कुणाच्या अंगणातून, पेरलेल्या शेतातून जायचं नाही. झाड तोडायचं नाही, वठलेलंसुद्धा. आणि शेकोटी या हक्कात येत नाही. ठरवून दिलेल्या जागीच पेटवायची, आणि कोरड्या हवेत 'मेत्सापालोवारोइतुस' म्हणजे वणव्याचा इशारा असेल तर उघड्यावर अजिबात नाही. कुत्रा असेल तर 1 मार्च ते 19 ऑगस्ट मोकळा सोडू नका. तो काळ पिल्लांचा.

जुलैअखेर मुस्तिक्का पिकतात. गुडघ्याएवढ्या झुडपांना निळीजांभळी फळं, तोंड जांभळं होतं, बोटं जांभळी होतात, आणि करवंदाच्या जाळीत शिरल्यावर जसं वेळेचं भान जातं तसं इथे जातं, फक्त काटे नाहीत. एक डबा घरूनच न्या. सप्टेंबरात लाल, आंबट पुओलुक्का येतात. त्याचं मी लोणच्यासारखं काहीतरी करते, फिनिश शेजारीण ते चमच्याने खाते. पण प्रत्येक लाल फळ पुओलुक्का नसतं. रुंद पानांच्या 'कीएलो' या रानफुलाची फळंही लाल असतात आणि विषारी असतात. अळंबीच्या बाबतीत तर एकच सांगते: पहिली दोन वर्षं जाणत्या माणसाबरोबरच. इथे जीव घेणारी पांढरी अळंबी उगवते आणि ती दिसायला अगदी सोज्वळ असते.

आणि गोचीड. वसंतापासून शरदापर्यंत, विशेषतः किनाऱ्याच्या उंच गवतात. पँट मोज्यात खोचा, फिकट रंगाचे कपडे घाला म्हणजे दिसेल. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, मुलांच्या केसांच्या कडेला बघा. लागलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, मीठ, काडीचा चटका असले उपाय नकोत. नंतर त्या जागी लाल कडं पसरू लागलं तर दवाखाना गाठा, तो बोरेलिया, म्हणजे गोचिडीतून होणारा जंतुसंसर्ग, असू शकतो. गोचिडीतून होणाऱ्या मेंदूज्वरावर मात्र लस आहे. नेहमी फिरणार असाल तर आरोग्यकेंद्रात विचारून घ्या.

हिवाळा: इथेच सगळे चुकतात, मीही

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य साडेनऊच्या सुमाराला उगवतो आणि सव्वातीनच्या आत मावळतो. म्हणून घरी बसलात तर मार्चपर्यंत बसाल. त्याऐवजी दिव्यांची वाट धरा. 'कुंतोराता' नावाच्या, खांबांवर दिवे असलेल्या जंगलवाटा शहरात जागोजागी आहेत, केस्कुसपुइस्तो या मोठ्या वनात तर भरपूर.

पण थांबा. बर्फ पडला की यातल्या बऱ्याच वाटा रात्रीतून 'लातू' होतात, म्हणजे स्कीची वाट. यंत्र येऊन बर्फ दाबतं आणि त्यात दोन सरळ चर काढून जातं. पहिल्या जानेवारीत मी अशाच एका वाटेवर, छान सपाट केलीय म्हणून खूश होऊन, थर्मास हातात घेऊन निघाले. मागून एक आजोबा स्कीवर आले, थांबले, काही न बोलता काठीच्या टोकाने माझ्या बुटांचे खड्डे दाखवले, एक, दोन, तीन, पार मागच्या वळणापर्यंत. मग म्हणाले, "लातू." एवढंच. मला फिनिशमधला तो शब्द आयुष्यभर पुरेल. तेव्हा चर दिसले की बाजूला व्हा. चालणाऱ्यांसाठी वेगळी हिवाळी वाट बहुतेक ठिकाणी जवळच असते.

काळोखात चालताना अंगावर 'हेइयास्तिन' हवा. दिव्यात चमकणारा हा बिल्ला जॅकेटच्या खालच्या कडेला लोंबता ठेवतात. पायी चालणाऱ्यानेही तो लावावा असं कायदाच सांगतो. दोन घ्या, दोन्ही बाजूंना. बुटांना रबराचे खिळेपट्टे चढवा, कारण खरी भीती ताज्या बर्फाची नसून वितळून पुन्हा गोठलेल्या काचेची असते. कपडे एकावर एक, पातळ. एक जाड कोट घालून निघालात तर वीस मिनिटांत घामाने भिजाल आणि थांबल्यावर कुडकुडाल. सुती बनियन घरी ठेवा, आत लोकर किंवा घाम सुकवणारं कापड. फोन आतल्या खिशात, थंडीत बॅटरी धाडकन उतरते. तीळगुळाच्या वड्या खिशात गोठत नाहीत, चॉकलेटचा मात्र दगड होतो.

गोठलेल्या समुद्रावर लोक चालताना, मुलांची ढकलगाडी नेतानासुद्धा दिसतील. बघा, पण त्यांच्या पावलांवर पाऊल टाकून जाऊ नका. पुलाखाली, बोरूजवळ, नाल्याच्या तोंडाशी बर्फ पातळ असतो आणि हे इथल्यांना लहानपणापासून ठाऊक असतं. पहिल्या वर्षी काठानेच चाला. कुठेही काही झालं तर 112. त्याचं '112 सुओमी' हे अॅप आधीच घेऊन ठेवा, त्यावरून फोन केला की तुमची जागा आपोआप कळते. जंगलात "मी एका झाडापाशी आहे" याचा काही उपयोग नसतो.

मग नूक्सिओ

तीनचार शहरी वाटा झाल्या की नूक्सिओला जा. 1994 पासूनचं राष्ट्रीय उद्यान, आणि तिथेही शहरी बसच जाते: एस्पोन केस्कुसहून 245. आधी हाल्तिआ या निसर्गकेंद्राशी उतरलात तर खाणं, नकाशे, माहिती सगळं मिळतं. हाउक्कालाम्पीच्या फाट्यावर उतरलात तर दोनेक किलोमीटर रस्त्याने आत चालावं लागतं. तिथून खुणा केलेले फेरे सुटतात, पक्ष्यांच्या नावाचे. छातीवर लाल असलेल्या रॉबिनचा फेरा दोन किलोमीटर, ससाण्याचा चारच्या आसपास. मुलं असतील तर पहिला, नसतील तर दुसरा. आकडा फसवा आहे. मुळं, कातळ आणि चढउतार यांमुळे चार किलोमीटरला दोन तास धरा.

शेकोटीच्या जागी लाकडं रचून ठेवलेली असतात, फुकट, पण लागतील तेवढीच घ्यायची. बाकीचे सगळे माक्कारा म्हणजे सॉसेज भाजत असतात. आम्ही घरून थालीपिठं नेतो आणि जाळीवर गरम करतो. भाजणीचा वास सुटला की शेजारचा गप्प माणूस एकदा वळून बघतो, थोड्या वेळाने पुन्हा बघतो. अर्धं पुढे करा. तो आधी नाही म्हणेल. दुसऱ्यांदा विचारा.